फिरता आस आणि त्याचें कंपन

कोणतेंहि यंत्र चालूं लागलें कीं त्याला थोडीफार थरथर सुटतेच. पिठाच्या गिरणीच्या दारांत उभें राहिलें तरी पायांखालची जमीन हलते, आणि विहिरीवरच्या पंपाला हात लावला तर त्याचें कंपन तळहाताला जाणवतें. ही थरथर बहुधा निरुपद्रवी असते. परंतु कांहीं यंत्रें एका ठराविक वेगाला पोंचतांच एकाएकीं अशीं हादरूं लागतात कीं बेअरिंगें खराब होतात, आस वांकतो आणि प्रसंगीं तुटतोहि. वेग त्याहून कमी असतां तेंच यंत्र शांत चालत असतें; आणि नवलाची गोष्ट ही कीं, वेग त्याहून पुष्कळ वाढविला तर तें पुन्हां शांत होतें. या कोड्याचा पुरता उलगडा होण्यास सुमारें पन्नास वर्षें लागलीं.

ज्या वस्तूला वस्तुमान आहे आणि वांकविली असतां पूर्ववत् होण्याचा गुण आहे, तिची स्वतःची अशी एक लय असते. झोपाळा एकदां ढकलून सोडून दिला तर तो आपल्याच लयीनें हेलकावे घेतो. त्या लयीला धरून लहान मुलानें हलके धक्के दिले तरी झोपाळा उंच जातो. लय सोडून धटिंगणानें जोर केला तरी तो नीट हलत नाहीं. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एका स्वरांत जुळल्या असतील तर एक छेडली असतां दुसरी आपोआप झणकारते, तेंहि याच कारणामुळें. या घटनेला अनुनाद म्हणतात. अनुनादांत जोराला महत्त्व कमी आणि वेळ साधण्याला अधिक.

फिरत्या आसावर असे वेळ साधून बसणारे धक्के येतात तरी कोठून? कारखान्यांत कितीहि काळजी घेतली तरी चाकाचा गुरुत्वमध्य त्याच्या फिरण्याच्या रेषेवर तंतोतंत पडत नाहीं. एक टन वजनाच्या चाकाचा गुरुत्वमध्य केंसाच्या जाडीइतका, म्हणजे एक दशांश मिलिमीटर, बाजूला आहे असें समजावें. हें चाक मिनिटाला ३००० फेऱ्यांनीं फिरलें तर त्याला बाहेर खेंचणारी प्रेरणा सुमारें एक टन, म्हणजे चाकाच्या वजनाइतकीच भरते. ती प्रत्येक फेऱ्यांत दिशा बदलीत आसाला एकदां सभोंवार ओढते. फेऱ्यांची गति आणि आसाची स्वाभाविक लय एक झाली कीं अनुनाद होतो. ज्या वेगाला हें घडतें, त्याला क्रांतिक वेग म्हणतात.

हा वेग काढण्याची एक सोपी रीत आहे. भक्कम बेअरिंगांवर टेकलेल्या हलक्या आसाच्या मध्यावर एकच जड चाक आहे अशी कल्पना करावी. चाकाच्या भारानें आस मध्यावर एक मिलिमीटर लवत असेल, तर क्रांतिक वेग मिनिटाला सुमारें ९५० फेरे येतो. लवण एक दशांश मिलिमीटर असेल, तर तो सुमारें ३००० येतो. भारतांत विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्यामुळें औष्णिक वीजकेंद्रांतील मोठीं टर्बाइनें मिनिटाला ३००० फेऱ्यांनींच फिरतात. डोळ्यांना न दिसणारी एवढीशी लवण यंत्ररचनाकाराला कां विचारांत घ्यावी लागते, हें यावरून ध्यानांत येईल.

या प्रश्नाचा गणितानें प्रथम विचार केला तो ग्लासगो येथील प्राध्यापक रँकिन यांनीं, १८६९ सालीं. आसाला बाहेर फेंकणारी प्रेरणा आणि त्याला मागें खेंचणारा त्याचा ताठपणा या दोहोंचा त्यांनीं ताळा घातला. क्रांतिक वेगाच्या खालीं ताठपणा वरचढ असतो, हें त्यांचें म्हणणें बरोबर होतें. परंतु त्या वेगापलीकडे आस कधींच स्थिर राहणार नाहीं, असाहि निष्कर्ष त्यांनीं काढला. मोठ्या विद्वानाचें मत. तें अभियंत्यांना प्रमाण वाटलें, आणि आस जाड व आंखूड करून वेग मर्यादेंत ठेवावा, हीच रीत सुरक्षित मानली गेली.

स्वीडनमधील गुस्ताफ द लाव्हाल यांची अडचण निराळी होती. त्यांच्या टर्बाइनांत वाफेचा झोत इतक्या प्रचंड वेगानें येई कीं, त्याचा लाभ घ्यावयाचा तर लहान चाकाला मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत फिरविणें भाग होतें. एवढ्या वेगाला ताठ आस टिकेना. तेव्हां त्यांनीं प्रचलित रीतीच्या अगदीं उलट मार्ग धरला आणि १८८९ च्या सुमारास मुद्दाम बारीक व लवचिक आस वापरला. क्रांतिक वेग खालींच राहिला. चाक तो ओलांडून कितीतरी पुढें गेलें आणि निवांतपणें फिरूं लागलें. जें गणितानें अशक्य ठरविलें होतें, तें प्रत्यक्ष डोळ्यांपुढें घडत होतें.

यांतील मर्म कोणाहि श्रोत्याला घरीं पाहतां येईल. हातभर दोऱ्याला एक कुलूप बांधावें आणि दोऱ्याचें टोंक धरून हात आडवा, हळूहळू हलवावा. कुलूप हाताच्या मागोमाग जातें. हाताची लय कुलपाच्या लयीशीं जुळली कीं तें जोरानें झोके घेऊं लागतें. पण हात त्याहून पुष्कळ जलद हलविला तर कुलूप जवळजवळ जागच्या जागीं राहतें, आणि जें थोडें हलतें तें हाताच्या उलट दिशेनें. आसाचेंहि असेंच. क्रांतिक वेगाखालीं चाकाची जड बाजू बाहेर झुकते. त्या वेगापलीकडे आस उलट बाजूस वांकतो, जड बाजू आंत येते आणि गुरुत्वमध्य फिरण्याच्या रेषेवर आपणच येऊन बसतो. जर्मनींत फॉप्ल यांनीं १८९५ सालीं हें गणितानें दाखविलें होतें. पुढें १९१९ सालीं जेफकॉट यांनीं घर्षणासह त्याचें स्पष्ट विवेचन केलें, आणि तेव्हांपासून एका चाकाच्या या साध्या प्रतिकृतीला त्यांचें नांव मिळालें. रँकिन यांच्या गणितांत एक उणीव राहिली होती. फिरत्या चौकटींतून पाहतांना सरकणाऱ्या वस्तूवर बाजूनें येणारी कोरिऑलिसची प्रेरणा त्यांनीं धरली नव्हती.

मात्र क्रांतिक वेगाच्या पलीकडे जावयाचें तर तो ओलांडावाच लागतो. तेथें वांकणाला आवर घालतें तें केवळ घर्षण. शिवाय वांकण वाढण्यास वेळ लागतो. म्हणून मोठें टर्बाइन सुरू करतांना त्या वेगावर रेंगाळूं देत नाहींत. कपडे धुण्याच्या यंत्रांत पिळणी सुरू होतांना तें क्षणभर दणदणतें आणि मग स्थिर होतें. तेंहि याच उंबरठ्यावरून जात असतें.

जेफकॉट यांच्या प्रतिकृतीनेंहि सर्व प्रश्न सुटले नाहींत. १९२४ सालीं अमेरिकेंत न्यूकर्क यांना असें आढळलें कीं, कांहीं यंत्रें क्रांतिक वेग सुखरूप ओलांडूनहि पुढें हिंसकपणें हेलकावतात, आणि चाकाचा तोल कितीहि साधला तरी तें थांबत नाहीं. आसावर घट्ट बसविलेल्या भागांमधील घर्षण हें त्याचें कारण निघालें. बेअरिंगसारख्या स्थिर भागांतील घर्षण कंपन शमवितें. परंतु आसाबरोबर फिरणारें घर्षण क्रांतिक वेगापलीकडे फिरण्याचीच शक्ति कंपनाला पुरवूं लागतें.

आज संगणकाच्या साह्यानें आसाचे शेंकडों लहान भाग कल्पून प्रत्येकाचें वस्तुमान, ताठपणा आणि घर्षण हिशेबांत घेतां येतें. तरीहि यंत्र तयार झाल्यावर त्यावर मोजका आघात करून त्याच्या लयी प्रत्यक्ष मोजतात आणि गणिताशीं ताडून पाहतात. दोहोंत अंतर पडलें तर यंत्राला दोष देऊन भागत नाहीं. गणितांत काय धरावयाचें राहिलें, तें शोधावें लागतें. प्रतिकृति ही वस्तूची निवडक आठवण असते. तिच्यांतून काय गाळलें आहे हें जो विसरत नाहीं, त्याच्याच हातीं ती उपयोगी पडते.