शाळेची पेटी, भजनाची पेटी

मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांतील मराठी शाळांच्या वाद्यांमध्ये बँडची वाद्ये आणि प्रार्थनेची पेटी असे दोन वेगळे संसार असतात आणि त्यांच्या दुरुस्तीचे शास्त्रही तितकेच वेगळे असते. बिगुलाला पडलेला पोचा नळीच्या आतून लोखंडी गोळा फिरवून वर काढता येतो, ड्रमचे फाटलेले पान बदलून कडेचे स्क्रू सारख्या ताणाने आवळता येतात आणि काम बरे झाले की नाही हे वाजवणाऱ्या मुलालाही लगेच कळते. हार्मोनियमचे, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या पेटीचे, तसे नसते. तिच्यातला बिघाड आत दडलेला असतो आणि चुकीच्या दुरुस्तीने झालेले नुकसान अनेकदा काही वर्षांनी उघड होते. म्हणूनच हा व्यवसाय एखाद्या कारागिराच्या कौशल्यापेक्षा घराण्याच्या नावावर अधिक चालतो.

पेटीची रचना तत्त्वतः साधी आहे. मागचा भाता हाताने हलवला की हवा आतल्या कप्प्यात साठते आणि पट्टी दाबताच तिच्याखालची झडप उघडून ही हवा पितळी सुरावरून बाहेर पडते. सूर म्हणजे पितळेच्या तुकड्यातील अरुंद खाचेवर एका टोकाने रिव्हेट करून बसवलेली पातळ जीभ. हवेच्या झोताने ती थरथरते आणि नाद उमटतो. जीभ लांब असेल तर स्वर खालचा, आखूड असेल तर वरचा. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ पट्ट्या असतात आणि खर्ज व नर असे सुरांचे दोन संच बसवले तर जिभांची संख्या ८४ होते. पायाने चालवल्या जाणाऱ्या ऑर्गनमध्ये, ज्याने मराठी संगीत नाटकाची साथ दीर्घकाळ केली, भाता हवा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढतो. त्यामुळे त्याचा आवाज अधिक गोल वाटतो.

फ्रान्समध्ये १८४० च्या दशकात आकाराला आलेले हे वाद्य हाताने भाता चालवण्याच्या रूपात कोलकात्यात बदलले, आणि बसून गाणाऱ्या समाजाला ते इतके सोयीचे ठरले की महाराष्ट्रातही त्याने लवकरच मूळ धरले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आल्यानंतर संगीत नाटक बहरले, पुढे गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी पेटीला साथीच्या पलीकडे नेऊन एकलवादनाचा मान मिळवून दिला, आणि नाटक मंडळ्या व गायनवर्ग यांच्यामुळे मुंबईत पेटी बनवणाऱ्यांना कायमचे गिऱ्हाईक मिळाले. दादरची हरिभाऊ विश्वनाथ ही १९२५ सालापासूनची पेढी याच काळातली. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली, तरी चाळीतल्या भजनाला, शाळेच्या प्रार्थनेला किंवा नाट्यगृहातल्या पदाला या निर्णयाचे काही सोयरसुतक नव्हते. ज्या वाद्याला शास्त्रकारांनी दोष दिला तेच वाद्य लोकांनी वाजवून वाजवून झिजवले आणि दुरुस्तीवाल्यांचे घर चालवले.

या झिजेत लालबाग-परळचा वाटा मोठा आहे. गिरण्यांत काम करायला आलेल्या कोकणी माणसांनी चाळींतून भजनी मंडळे उभी केली, आणि डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या समोरासमोरच्या भजनी सामन्यात, बुवा स्वतः पेटी वाजवत चढ्या पट्टीत गातो. पखवाज आणि झांजांच्या गदारोळात स्वर ऐकू यावा म्हणून भाता जोराने मारला जातो, जिभेवर सततचा ताण येतो आणि अखेर ती मुळाशी तडकते. शाळेची पेटी याच्या उलट कारणाने बिघडते: उन्हाळ्याच्या सुट्टीत ती कपाटात पडून राहते, उंदीर भात्याचे कापड कुरतडतात, जूनच्या दमट हवेत लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, कातड्याला बुरशी धरते आणि एखादी झडप नीट न बसल्याने पट्टी न दाबताही एक सूर आपोआप गुणगुणत राहतो.

सूर लावण्याचे काम मात्र सर्वांत नाजूक. जिभेचे टोक किंचित खरवडले की ते हलके होऊन स्वर चढतो, आणि मुळाशी खरवडले की तिची ताठरता कमी होऊन स्वर उतरतो. खरवडलेले पितळ परत बसवता येत नाही, त्यामुळे प्रत्येक जुळवणीत सुराचे आयुष्य थोडे कमी होते. बेसूर वाटणाऱ्या पेटीत पुष्कळदा दोष धातूचा नसून खाचेत अडकलेल्या धुळीचा, पितळेवर चढलेल्या हिरव्या थराचा किंवा हवा गळणाऱ्या भात्याचा असतो. जाणता कारागीर आधी पेटी उघडून साफ करतो, गळती बुजवतो आणि त्यानंतरच कानस हाती घेतो. घाईतला माणूस थेट कानस चालवतो, गिऱ्हाइकाला त्या दिवशी पेटी सुरात मिळते आणि चारदोन वर्षांत तोच सूर तुटतो. हाताने कमी खरवडण्याचा हा संयम शिकवता येतो, पण तो पाळण्याचे कारण व्यवसायाच्या स्वरूपात आहे. आजोबांनी जुळवलेली पेटी नातवाच्या पुढ्यात येते, तिच्या जिभांवरच्या खुणा दुकानाचा इतिहास सांगतात, आणि पूर्वजांनी केलेली उधळपट्टी वंशजालाच निस्तरावी लागते. पगारावरच्या कामगाराला ही भीती नसते.

कोणत्या मापाने सूर लावायचा हाही प्रश्न दुरुस्तीवाल्यापुढे असतो. आजच्या पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, म्हणून ती कोणत्याही पट्टीत सारखीच चालते. पण शुद्ध गांधार या हिशेबाने अर्धस्वराच्या सुमारे सातव्या भागाने चढा राहतो आणि तो तानपुऱ्यावर गाणाऱ्याला खटकतो. काही गायक गांधार उतरवून घेतात, ज्याला ‘गांधार ट्यूनिंग’ म्हणतात, परंतु अशी पेटी ठरलेल्या षड्जातच गोड लागते. शाळेच्या पेटीला हा सोस नको, कारण मुलांची पट्टी वर्गागणिक बदलते. मोबाइलवरील ट्यूनर आता कंपनसंख्या दाखवतो आणि ते उपयुक्तही आहे, तरी दोन संच एकत्र वाजताना त्यांच्यातली थरथर थांबली की नाही हे शेवटी कानच ठरवतो.

दादर-गिरगावच्या शाळांनी प्रार्थनेची पेटी जून उजाडण्याआधी एकदा उघडून साफ करून घ्यावी, तिचा भाता तपासून घ्यावा आणि बदललेले जुने सूर मागून घ्यावेत. कोणी पेटी पाहताच ‘सगळे सूर नव्याने घासून देतो’ असे सांगितले, तर ती परत उचलून दुसऱ्या दुकानात न्यावी.