फोटोशॉप रखडतंय? नवा कॉम्प्युटर घेण्याआधी हे तपासा



पेण तालुक्यातल्या जोहे गावात एका मूर्ती कारखान्यात बसलो होतो. जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे हा सगळा पट्टाच गणपतीच्या कारखान्यांचा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पूर्वी व्यापारी येऊन, मूर्तीभोवती फिरून ऑर्डर द्यायचा. आता तो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणतो, "फोटो पाठवा." आणि फोटो पाठवायला दोन दिवस लागले, तर तो तोवर शेजारच्या कारखान्यात बुकिंग करून मोकळा होतो.

या कारखानदारांकडे दीडशे मॉडेलचे फोटो तयार करायचे होते. मागची गोणपाटं, डबे काढून साधी पार्श्वभूमी टाकायची आणि पीतांबराचा रंग जसा आहे तसा दिसेल असं बघायचं, एवढंच काम. पण एका फोटोला नुसतं थांबण्यातच चार मिनिटं जायची. दीडशे गुणिले चार, म्हणजे दहा तास फिरणारं चक्र बघत बसायचं! नव्या कॉम्प्युटरचं कोटेशन टेबलावर तयार होतं. आणि पैसा? तो तर प्लास्टर, काथ्या, रंग आणि मजुरीत अडकलेला. अशा वेळी एक चुकीची खरेदी चांगलीच जड जाते.

म्हणून मी म्हटलं, आधी मशीनला विचारू या दुखतंय कुठे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. तो एका बाजूला ठेवून नेहमीसारखा फोटो एडिट करा आणि सीपीयू, मेमरी, डिस्क हे तीन आकडे बघा. काम अडकतं त्या क्षणी जो आकडा शंभराला चिकटतो, तिथे दुखणं आहे. आमच्याकडे मेमरी नव्वदच्या पुढे आणि डिस्क सतत शंभर. सीपीयू बिचारा निवांत होता!

असं का होतं? फाइल आठ एमबीची दिसते, पण ती दाबून भरलेली असते. २४ मेगापिक्सलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांचे तीन बाइट धरले तर उघडल्यावर तो साधारण ७२ एमबी होतो. वर पूर्ण लेयरची कॉपी घेतली की पुन्हा तेवढेच. शिवाय मागे जाता यावं म्हणून फोटोशॉप ५० पायऱ्या लक्षात ठेवतं. ४ जीबी रॅममध्ये विंडोज, क्रोम आणि हे सगळं मावत नाही. मग फोटोशॉप उरलेलं हार्ड डिस्कवर लिहून ठेवतं. याला स्क्रॅच डिस्क म्हणतात. टेबल लहान पडलं म्हणून रंगाचे डबे माळ्यावर ठेवायचे आणि दर वेळी शिडी लावून आणायचे, तसंच हे. फोटोच्या खिडकीखालच्या पट्टीत 'एफिशियन्सी' निवडून ठेवा. आकडा शंभराच्या खाली गेला की समजा, शिडी चढणं सुरू झालं.

आता फुकटातले उपाय. मोठा फायदा एकाच गोष्टीत आहे. मूळ फोटो वेगळा जपून ठेवा आणि कॉपीची लांब बाजू १६०० पिक्सल करून मगच काम सुरू करा. ठिपके जवळजवळ चौदा पटीने कमी होतात आणि व्हॉट्सअ‍ॅपला तेवढं पुरतं. बॅनर छापायचा असेल तरच मोठी फाइल उघडा. मग प्रेफरन्सेसमधल्या परफॉर्मन्समध्ये जाऊन हिस्टरी ५० वरून २० करा. मेमरीचा वाटा ७० टक्के असतो, तो शंभर करायचा मोह टाळा, विंडोजलाही जागा लागते. क्रोम बंद. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर जुने व्हिडिओ हलवा. स्क्रॅच डिस्क डी ड्राइव्हवर टाकली तर 'डिस्क फुल' हा मेसेज जाईल, पण डी हा त्याच डिस्कचा भाग असेल तर वेग वाढणार नाही. इथे बरेच जण फसतात.

सीपीयू शंभरावर असेल तर गोष्ट वेगळी. टास्क मॅनेजरच्या यादीत अनोळखी प्रोग्रॅम दिसतोय का बघा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर असे पाहुणे येतात. परवाना परवडत नसेल तर गिम्प मोफत आहे, अशा कामाला पुरेसं आहे.

आणि धूळ! कारखान्यात मूर्ती पॉलिश पेपरने घासतात, ती पांढरी पूड पंख्यातून थेट प्रोसेसरवरच्या जाळीत बसते, कोकणातल्या दमटपणात घट्ट धरते. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. प्लग काढा, झाकण उघडा, पंखा बोटाने धरून मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ करा. कॅबिनेट जमिनीवरून उचला आणि घासकामाच्या खोलीतून बाहेर न्या.

एवढं करूनही मेमरी आणि डिस्क भरतच असेल, तर खर्च करा, पण तेवढ्यापुरताच. अ‍ॅडोबी सध्याच्या फोटोशॉपला किमान ८ आणि शक्यतो १६ जीबी रॅम सांगते. घेण्याआधी मदरबोर्डला डीडीआर३ लागते की डीडीआर४ हे बघा, एकाची दुसऱ्याला बसत नाही. सोबत विंडोज आणि फोटोशॉप एसएसडीवर हलवा.

पूर्ण नवा सेट कधी घ्यायचा? मशीन विंडोज ११ घेत नसेल आणि त्यावर बँकेची कामंही होत असतील तर विचार करा, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

जोह्यात आम्ही रॅम ८ जीबी केली, एसएसडी बसवली, कोटेशन परत केलं. निघालेली जुनी हार्ड डिस्क टाकून देऊ नका, मूळ फोटोंची दुसरी प्रत तिच्यावर ठेवा. पुढच्या वर्षी व्यापारी म्हणणारच, "ते मागच्या वेळचं मॉडेल दाखवा."