उतारवयातील विणकाम आणि आमच्या नोंदवहीतील एक रकाना

काही वर्षांपूर्वी, ऐन हिवाळ्यात, एक वृद्ध भगिनी आमच्या कार्यालयात आल्या. त्यांच्या नातसुनेचे अपुऱ्या दिवसांचे बाळ आमच्या नवजात शिशू कक्षात दाखल होते. कक्षाबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी पांढऱ्या सुती धाग्याची सात टोपडी विणली होती. एक पणतवासाठी ठेवून उरलेली सहा इतर बाळांना द्यावीत, एवढीच त्यांची विनंती होती. आम्ही नियम पाहिले. रोख देणगीसाठी पावतीपुस्तक होते, औषधे व उपकरणे यांसाठी वस्तुरूप देणगीची नोंदवही होती. घरी विणलेल्या वस्तूंसाठी मात्र कोणताही रकाना नव्हता. जंतुसंसर्गाची धास्तीही होती. आम्ही आभार मानून टोपडी परत केली. ती पिशवीत ठेवताना त्या भगिनी म्हणाल्या, "मग आता या हातांनी करायचं तरी काय?"

हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. जमाखर्चात आयुष्य घालविलेल्या माणसाला हातचे काही वाया गेल्याची रुखरुख अधिक लागते. पुढे परिसेविका भगिनी, बालरोगतज्ज्ञ आणि अस्थिरोग विभागातील मंडळी यांच्याशी या विषयावर जी चर्चा झाली, तिचा सारांश आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे ठेवावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

घराघरांतील जुनी विद्या

लोकर महाराष्ट्राला नवी नाही. धनगर समाजातील स्त्रिया मेंढीची लोकर कातत आल्या आणि सणगर मंडळी तिची घोंगडी विणत आली. दोन सुयांवरचे विणकाम आणि क्रोशा या कला मात्र आपल्याकडे युरोपीय लोकांबरोबर आल्या आणि मिशनच्या व सुधारकांच्या शाळांतून पसरल्या. पुढे त्या इतक्या घरच्या झाल्या की रुखवतात क्रोशाचे रुमाल मांडले जाऊ लागले आणि बाळंतविड्यात अंगडे, कुंची यांच्याबरोबर लोकरीचे मोजेही आले. सुलट, उलट, साखळी, खांब, मुका खांब असे शब्दही रूढ झाले. कागदावर नमुना न उतरविता केवळ शेजारणीचा स्वेटर पाहून वीण उचलणाऱ्या गृहिणी प्रत्येक गल्लीत होत्या.

आज ऐंशीच्या घरात असलेल्या अनेक भगिनींना १९६२ सालचा हिवाळा आठवत असेल. चीनच्या आक्रमणानंतर हिमालयातील थंडीत लढणाऱ्या जवानांसाठी देशभर स्त्रियांनी आणि शाळकरी मुलींनी स्वेटर, मोजे व मफलर विणले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ साली नाशिकनेच त्यांना बिनविरोध लोकसभेवर पाठविले. ज्या मुलींनी तेव्हा अनोळखी जवानासाठी टाके घातले, त्याच आज आमच्या बाह्यरुग्ण विभागात गुडघे धरून बसलेल्या दिसतात. त्यांचे हात अजून ती वीण विसरलेले नाहीत.

उपचार म्हणून हस्तकला

हाताच्या कामाचा उपचारात उपयोग करण्याचे शास्त्र आहे. त्यास व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. भारतात या शास्त्राचे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. त्याच्या संस्थापिका कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या आणि येथीलच झाल्या. १९५२ साली या शास्त्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक सदस्य देशांत भारत होता.

या शास्त्राचा गाभा सोपा आहे. रुग्णास अर्थपूर्ण काम दिले, तर तो केवळ व्यायाम म्हणून जे करणार नाही ते कामाच्या ओघात करतो. मनगटाचे हाड जुळल्यानंतर "मूठ शंभर वेळा उघडा-मिटा" असे सांगितले, तर वयस्कर रुग्ण दहाव्या वेळी कंटाळतो. हाती सुया दिल्या, तर तीच बोटे शंभर टाके सहज घालतात. विणताना दोन्ही हात एकत्र चालतात, नजर कामावर राहते आणि मनात टाक्यांची मोजणी चालू असते. टाका चुकला, तर चार ओळी उसवून पुन्हा विणता येते. उतारवयात हातून सुटलेल्या कितीतरी गोष्टी पुन्हा जुळविता येत नाहीत. येथे ती सोय आहे, हे आम्हास महत्त्वाचे वाटते.

संशोधन काय सांगते

२०१३ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी' या नियतकालिकात, निरनिराळ्या देशांतील ३,५४५ विणणाऱ्या व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणतात, त्यांनी आपल्याला शांत व आनंदी वाटत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. २०१५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात ८५ वर्षे व त्यापुढील २५६ व्यक्तींचा अभ्यास मांडला. या व्यक्तींवर सुमारे चार वर्षे लक्ष ठेवण्यात आले होते. मध्यम वयात आणि उतारवयातही हस्तकला करीत राहिलेल्यांमध्ये स्मरण व विचारशक्ती मंदावण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी, तर लोकांत मिसळणाऱ्यांमध्ये ५५ टक्क्यांनी कमी आढळली.

हे आकडे आश्वासक असले, तरी त्यांचा अर्थ सांभाळून लावावा. पहिल्या पाहणीत लोकांनी स्वतःविषयी स्वतःच सांगितले आहे. दुसऱ्या अभ्यासातही हस्तकलेमुळे बुद्धी शाबूत राहिली, की बुद्धी शाबूत होती म्हणून हस्तकला चालू राहिली, याचा पूर्ण निवाडा होत नाही. म्हणून विणकामाने स्मृतिभ्रंश टळतो असा दावा आम्ही करणार नाही आणि कोणी तो केल्यास आपणही त्यावर विसंबू नये. औषध, आहार आणि चालणे यांची जागा विणकाम घेऊ शकत नाही. लोकांत मिसळण्याचा आकडा मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. चौघीजणी एकत्र बसून विणतात, तेव्हा दोन्ही लाभ एका बैठकीत मिळतात.

काही पथ्ये

उतारवयात विणकाम सुरू करणाऱ्यांनी किंवा पुन्हा हाती घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात, असे आमचे तज्ज्ञ सांगतात.

एका वेळी वीस मिनिटांहून अधिक विणू नये. मग सुया खाली ठेवून बोटे व खांदे मोकळे करावेत आणि दोन पावले चालून यावे. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असल्यास सुरुवातीस हात कोमट पाण्यात धरल्याने आराम वाटतो. सांधा सुजून गरम झाला असेल किंवा रात्री बोटांना मुंग्या येत असतील, तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

आपल्याकडील सुयांच्या क्रमांकात आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक असते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची असते, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटर. वयस्करांनी ८ किंवा त्याहून जाड सुया घ्याव्यात. बांबूच्या सुया हलक्या असतात आणि त्यांवरून टाके चटकन निसटत नाहीत. दोरीने जोडलेल्या गोल सुईवर विणल्यास कामाचे वजन मांडीवर राहते व मनगटास ताण कमी पडतो. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी बोथट टोकाची सुई वापरावी, कारण टोचलेले त्यांना कळत नाही. प्रकाश मागून, खांद्यावरून यावा आणि धागा फिक्या रंगाचा असावा. काळ्या लोकरीचे टाके मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना दिसत नाहीत. टाके दिसेनासे झाले, तर वयाला दोष न देता आधी डोळे तपासून घ्यावेत.

हे काम केवळ स्त्रियांचे, हा समजही सोडावा. युरोपात विणकामाचे संघ एके काळी पुरुषांचेच होते. नाशिकरोडच्या छापखान्यांत किंवा ओझरच्या विमान कारखान्यात बारीक मापांचे काम केलेल्या निवृत्त गृहस्थांची बोटे याला कमी पडतील असे आम्हास वाटत नाही. पक्षाघातानंतर आमच्याकडे आलेल्या अशाच एका गृहस्थांनी प्रथम नकार दिला; पुढे पत्नीच्या चुकलेल्या ओळी त्यांनीच मोजून दाखविल्या.

कोणासाठी विणावे

नातवंडे परगावी वा परदेशी आहेत, घरातील स्वेटर बाजारातून येतात, मग विणायचे कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे. आमच्या अनुभवाप्रमाणे हात थकल्यामुळे विणकाम सुटते त्यापेक्षा घेणारे कोणी नाही म्हणून अधिक सुटते.

घेणारे आहेत. निफाडचा पारा अनेक हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली गेला आहे, आणि पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगराळ भागातील मातांची बाळे याच ऋतूतही जन्मतात. नवजात बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने तेथून बरीच उष्णता निघून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने नवजात बाळांसाठी जी 'उबेची साखळी' सांगितली आहे तिच्यात, तसेच आईच्या उराशी बाळ ठेवण्याच्या कांगारू पद्धतीतही, टोपड्याला स्थान आहे. कमी वजनाचे बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरलेले असते, तेव्हा त्याच्या अंगावर लंगोट, टोपडे आणि मोजे एवढेच असतात.

अशी इतरही कामे आहेत. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या भगिनींसाठी मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन ही संस्था हाताने विणलेले हलके कृत्रिम स्तन विनामूल्य देते. चेन्नई येथे जानेवारी २०१६ मध्ये 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटातील स्त्रियांनी आपापल्या घरी विणलेले तुकडे जोडून जगातील सर्वांत मोठी, ११ हजार चौरस मीटरहून अधिक क्षेत्रफळाची, क्रोशाची चादर केली. पुढे तिच्या लहान चादरी करून त्या गरजूंना देण्यात आल्या.

येथे एक सावधगिरी नोंदविणे आम्हास आवश्यक वाटते. आपली गोदावरी जेथे सागरास मिळते, त्या आंध्र प्रदेशातील नरसापूर भागात क्रोशाची लेस हा मोठा व्यवसाय आहे. २०२४ साली त्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र मारिया मीस या अभ्यासिकेने १९८२ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले, की तेथील स्त्रियांचे दिवसभराचे कष्ट 'फावल्या वेळचे काम' म्हणून गणले गेले आणि त्यामुळेच त्यांस नगण्य मोबदला मिळत राहिला. छंद म्हणून केलेले काम कोणाच्या नफ्याचे साधन होऊ नये. यास्तव आमच्या रुग्णालयात विणून आलेली वस्तू विकली जात नाही आणि कोणासही अमुक इतके नग द्या असे सांगितले जात नाही.

आता नियम असा आहे

टोपडी व मोजे मऊ सुती धाग्याचे असावेत. बाजारात लोकर म्हणून मिळणाऱ्या धाग्यापैकी बराचसा अ‍ॅक्रिलिक असतो, तो अति उष्णतेने खराब होतो. मेंढीची लोकर गरम पाण्यात आटते व बाळाच्या त्वचेस बोचते. सुती वस्तू आम्ही गरम पाण्यात धुऊन, वाळवून मगच वापरतो. वीण दाट असावी, जाळीत बाळाची बोटे अडकतात. गोंडे, मणी, बटणे, फिती लावू नयेत. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी २८ ते ३० सेंटिमीटरची टोपडी अधिक लागतात.

देणगीदारांना आमची विनंती आहे, की सुती धाग्याच्या लडी व जाड सुया या रूपानेही साहाय्य स्वीकारले जाईल. विश्वस्तांना विनंती आहे, की कक्षाबाहेरच्या बाकांवर चांगला दिवा आणि पाठीला आधार असावा. कुटुंबीयांना विनंती एवढीच, की घरातील आजी-आजोबांना "आता स्वस्थ बसा" असे सांगण्यापूर्वी त्यांच्या हातांना काय येते, हे एकदा विचारावे.

त्या भगिनींचा पत्ता आमच्या दप्तरी होता. नियम ठरल्यावर आम्ही पत्र लिहून त्यांची क्षमा मागितली. उत्तर नातसुनेने लिहिले. आजींची दृष्टी आता साथ देत नाही. सहापैकी चार टोपडी गल्लीतील बाळांनी वापरली, दोन शिल्लक होती, ती सोबत पाठविली होती. वस्तुरूप देणगीच्या नोंदवहीत नव्या रकान्यातील पहिली नोंद त्या दोन टोपड्यांची आहे. किमतीच्या जागी आम्ही आडवी रेघ ओढली आहे.