परसातील कोंबड्यांसाठी जाळीचा वाडा

खेड्यातील घरोघरी चार-दोन कोंबड्या पूर्वीपासून असतच, आणि अंड्यांचे पैसे घरातील स्त्रीच्या हाती राहत. माझ्या वह्या-पुस्तकांचा व पुढे बी.ए.च्या परीक्षा-फीचा काही भाग आईने याच पैशांतून भागविला. आज बँकेत काउंटरवर बसतो, तेव्हा बचत गटाच्या भगिनी कोंबड्यांसाठी कर्ज मागायला येतात. पक्षी, खाद्य, खुराडे असा हिशेब त्या नीट मांडतात. दिवसभर पक्षी फिरणार कोठे, हा रकाना मात्र बहुधा कोराच असतो. नुकसान होते ते तेथेच.

हे अनुभवाने लिहीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी वहिनींनी अकरा तलंगा पाळल्या होत्या. सुटीत जाऊन मीच त्यांना कोंबडीजाळीचे कुंपण करून दिले. कापूस वेचणीचे दिवस. दुपारी घरी कोणी नव्हते. मुंगसाने जाळीखालची माती उकरली आणि सात तलंगा मारल्या. त्या अंड्यावर येण्याच्या बेतात होत्या. वहिनी मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. पण त्या महिन्याचा गटाचा हप्ता त्यांनी दुसऱ्याच्या शेतात मजुरी करून भरला. कोंबडी बाहेर जाऊ नये एवढेच मी पाहिले होते. शत्रू आत कसा येईल, याचा विचार केला नव्हता.

वाडा बांधताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) जागा व माप : वाडा खुराड्याला लागून असावा. जमीन थोडी उंच व उताराची हवी, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. दर पक्ष्यास १० चौरस फूट या हिशेबाने दहा कोंबड्यांना १० फूट × १० फूट जागा पुरते. उंची ६ फूट ठेवावी. वाकून झाडावे लागते ती जागा पुढे झाडलीच जात नाही.

२) जाळी : षटकोनी छिद्रांची कोंबडीजाळी स्वस्त असते, पण कुत्रा ती फाडतो. म्हणून खालचे ३ फूट अर्धा इंची वेल्डेड जाळी लावावी व वर कोंबडीजाळी वापरावी. खांब लोखंडी अँगलचे उत्तम. बांबू वापरल्यास जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर लावावे.

३) पाया : खरे काम येथे आहे. चारही बाजूंनी १ फूट खोल चर खणून वेल्डेड जाळी त्यात उतरवावी आणि दगड-मातीने चर भरावा. मुरूम लागून खणता येत नसेल, तर जाळी बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर दगड व माती टाकावी. जनावर कुंपणाच्या अगदी कडेला उकरते. तेथेच त्याच्या पंजाला जाळी लागते.

४) छप्पर : घार व कावळे पिल्ले उचलतात, बोका वरून उतरतो. म्हणून वरूनही जाळी हवी. एक तृतीयांश भागावर पत्रा टाकून त्यावर पऱ्हाट्यांचा थर द्यावा. वैशाखात ऊन कमी लागते. पश्चिमेला ओले गोणपाट टांगावे.

५) दार : खाली फट राहू देऊ नये. आतल्या बाजूस उघडणारे दार असल्यास पक्षी निसटत नाहीत. नुसती कडी न लावता वर-खाली दोन खिट्ट्या बसवाव्यात.

६) आतील व्यवस्था : गवत थोड्याच दिवसांत संपते. मग जमिनीवर तूस किंवा वाळला पाला पसरावा व तो वरचेवर हलवावा. पुढे त्याचेच खत होते. धूळस्नानासाठी एका कोपऱ्यात राख-माती ठेवावी. मेथीची किंवा पालकाची जुडी टांगावी. रात्री मात्र पक्षी खुराड्यातच बंद करावेत. उदमांजर व रानमांजर रात्री फिरतात.

७) आरोग्य : खाद्य-पाणी पत्र्याखालीच ठेवावे. वन्य पक्ष्यांच्या विष्ठेतून रोग येतात. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूर येथे आढळला होता. मानमोडी म्हणजेच राणीखेत रोगापासून जाळी पुरेसे रक्षण करीत नाही. त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर लस द्यावी.

गटातील भगिनींना माझे सांगणे एवढेच, की कर्जाच्या अंदाजपत्रकात जाळीचा खर्च आधी लिहावा. पैसे कमी पडले तर दोन पक्षी कमी घ्यावेत, पण जाळी कमी घेऊ नये. विद्यार्थ्यांनीही सुटीत घरी गेल्यावर चर खणून द्यावा. आपल्या फीचा थोडा वाटा त्या वाड्यातून येत असेल.

पुढच्या दिवाळीत पुतण्याने व मी मिळून नवा चर खणला. काही दिवसांनी त्याने मला जाळीच्या कडेला उकरल्याच्या खुणा दाखविल्या. माती बोटभर निघाली होती, खाली जाळी दिसत होती. आतल्या कोंबड्या मोजल्या. सगळ्या होत्या.