पहिलटकरणीच्या घरी येणारी नर्स

मुलाला मारहाण झाली, त्याची आबाळ झाली, की यंत्रणा जागी होते. तोवर मुलाचं व्हायचं ते नुकसान झालेलं असतं. अमेरिकेतल्या ‘नर्स-फॅमिली पार्टनरशिप’ या कार्यक्रमाने बाळ जन्माला येण्याआधीच त्या घरात पाऊल ठेवायचं ठरवलं.

त्याचा पाया डेव्हिड ओल्ड्स या मानसशास्त्रज्ञाने घातला. बाल्टिमोरच्या गरीब वस्तीतल्या पाळणाघरात काम करताना त्यांना जाणवलं, की काही मुलांपर्यंत आपण फार उशिरा पोचतो आहोत. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा परिसरात ४०० पहिलटकरणींना घेऊन त्यांनी प्रयोग सुरू केला. बहुतेकींचं वय कोवळं, किंवा लग्न झालेलं नाही, किंवा घरात पैशांची चणचण. त्यांतल्या काहींच्या घरी बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत प्रशिक्षित नर्स जात राहिली.

नर्स आहार आणि तपासण्यांची चौकशी करते, पण तिची खरी कसोटी बाळंतपणानंतर लागते. खेळवताना बाळ मान फिरवतं आणि आईला वाटतं, ‘याला मी नकोच आहे.’ नर्स शेजारी बसून सांगते, की ते दमलंय, जरा थांब. बाळ पुन्हा वळून बघेपर्यंत दोघी थांबतात. चिडून हात उगारला जाण्याची वेळ अशा छोट्या उमजेतून टळू शकते.

पंधरा वर्षांनी त्या कुटुंबांची पुन्हा पाहणी झाली. दोन वर्षांपर्यंत भेटी मिळालेल्या गटात छळाच्या आणि आबाळीच्या सिद्ध झालेल्या नोंदी ४८ टक्क्यांनी कमी होत्या. अभ्यासकांना इथेच थांबता आलं असतं. पण २००० साली त्यांनी स्वतःच एक कटू निष्कर्ष मांडला: ज्या घरात बाईला वारंवार मारहाण होत होती, तिथे मुलांना मिळणारं हे संरक्षण जवळपास नाहीसं झालं होतं. सर्वांत जास्त गरज असलेलं घरच हातचं सुटत होतं.

मग सुधारणा आखल्या गेल्या. जोडीदार घरात नसताना हिंसेविषयी कसं विचारायचं, धोका कसा ओळखायचा, सुटकेचा आराखडा बाईसोबत कसा करायचा, हे नर्सना शिकवलं. २०१९मध्ये या वाढीव प्रशिक्षणाची चाचणी प्रसिद्ध झाली, पण मातांच्या जीवनमानात ठोस फरक दिसला नाही.

म्हणून नर्सला दोष देणं अन्यायाचं होईल. मारकुटा जोडीदार, व्यसन, नैराश्य आणि थकलेलं घरभाडं एकाच छपराखाली असतील, तर तिला एकटीला हे ओझं पेलवणार नाही. तिच्या शब्दावर निवारा मिळाला पाहिजे, व्यसनमुक्तीचा उपचार सुरू झाला पाहिजे, वकील उभा राहिला पाहिजे. आईला सुरक्षित न करता मुलाला सुरक्षित करता येत नाही. अशा घरांसाठीची प्रत्येक योजना याच पायावर उभी राहायला हवी.