खाडीचे नुकसान आणि आपला धंदा: हिशेबात आपले नाव कोठे आहे?

सुटीच्या दिवशी पालघर, बोईसर आणि तारापूरच्या खाड्यांवर गळ टाकून बसणारे अनेक जण दिसतात. कोणी कारखान्यातला कामगार असतो, कोणी गॅरेजवाला, कोणी बाजारात मासळी विकणारा. गळाला मासा लागेपर्यंत गप्पा चालतात आणि हल्ली त्या गप्पांचा विषय एकच असतो. एक म्हणतो, "खाजणाची जागा नुसती पडून आहे, सरकारने ती कारखान्याला, बंदराला दिली तर पोरांना काम मिळेल." दुसरा म्हणतो, "जागा पडून कशी? बोय, जिताडा, चिंबोरी सारे तिथेच वाढते. जागा गेली की मासाही गेला." तिसरा म्हणतो, "सरकार काहीच करत नाही, बोलून उपयोग काय?"

आमच्या मते या तिघांपैकी कोणीही पुरता चूक नाही आणि कोणीही पुरता बरोबर नाही. परंतु या वादात एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि व्यापारी व कारागीर बांधवांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. खाडी बिघडली तर नुकसान कोणाचे धरले जाते? नाखवा आणि खलाशी यांचे नाव घेतले जाते. पण सुक्या मासळीचा व्यापारी, जाळी विणणारा, होडी दुरुस्त करणारा सुतार, इंजिनचा मेकॅनिक, बर्फवाला, टेम्पोवाला यांचे काय? म्हणून या लेखात आम्ही हा विषय व्यवहाराच्या बाजूने मांडत आहोत.

प्रकरण काय आहे?

तारापूर अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायने, औषधांचा कच्चा माल, कापड आणि पोलाद यांचे कारखाने येथे आले. हजारो घरांच्या चुली त्यांवर पेटल्या, आपल्या अनेक वर्कशॉपना कामही तेथूनच मिळते, हे मान्य केलेच पाहिजे.

या कारखान्यांचे सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रात शुद्ध करून नवापूरच्या समुद्रात सोडायचे, अशी व्यवस्था होती. त्या केंद्राची क्षमता रोज २५ दशलक्ष लिटर होती. केंद्रात क्षमतेपेक्षा जास्त किंवा ठरल्यापेक्षा घाण पाणी आले की ते नीट शुद्ध होत नाही. असे पाणी किनाऱ्याजवळ सोडले की भरती ते पुन्हा खाडीत ढकलते. त्यातील घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते आणि मासे गुदमरतात. मोठा मासा पळून जाऊ शकतो, पण तिवरांच्या मुळांशी वाढणारी पिल्ले जागच्या जागी मरतात. म्हणजे आजचाच नव्हे, तर पुढच्या हंगामाचा मालही बुडतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील १०० औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर ९३.६९ गुण घेऊन पहिल्या क्रमांकावर होते. असा पहिला नंबर कोणत्याही गावाने मिरवावा असा नाही.

अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पश्चिम विभागाकडे अर्ज केला. न्यायाधिकरणाने नुकसान मोजण्यासाठी २०१९ मध्ये समिती नेमली. जानेवारी २०२२ मध्ये निकाल लागला. शंभराहून अधिक कारखान्यांनी मिळून सुमारे १८६ कोटी रुपये आणि सामुदायिक केंद्र चालवणाऱ्या संस्थेने ९१ कोटींहून अधिक रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. तो भाग न्यायालयाचा आहे, त्यावर आम्ही मत देत नाही. पण "बोलून उपयोग काय" म्हणणाऱ्या तिसऱ्या गळवाल्याला आमचे उत्तर हेच आहे, की मच्छीमार कागद घेऊन उभे राहिले म्हणून नुकसानीचा आकडा तरी निघाला.

कायद्यात धंद्याचे नुकसानही आहे

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा २०१० सालचा आहे. त्याच्या कलम १५ अन्वये प्रदूषणाने पीडित झालेल्या व्यक्तीला भरपाई मागता येते. भरपाई कोणकोणत्या कारणांसाठी मागता येते, याची यादी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात दिली आहे. त्यात मृत्यू, आजारपण, मालमत्तेचे नुकसान आणि जलचरांचा नाश तर आहेच, शिवाय 'धंदा किंवा रोजगार बुडणे' हे कारणही स्वतंत्रपणे नमूद केलेले आहे. ते फक्त मच्छीमारापुरते आहे, असे तेथे म्हटलेले नाही. ही ओळ प्रत्येक मासळी व्यापाऱ्याने आणि कारागिराने लक्षात ठेवावी.

तथापि हक्क असणे वेगळे आणि तो सिद्ध करणे वेगळे. पुढील मुद्दे ध्यानात घ्यावेत.

१. मुदत: भरपाईचा अर्ज, कारण प्रथम घडल्यापासून ५ वर्षांच्या आत करावा लागतो. प्रदूषण थांबवावे किंवा परवानगीचा भंग झाला, अशा स्वरूपाच्या वादासाठी मुदत अवघी ६ महिने आहे. दोन्हींत सबळ कारण दाखवल्यास जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळू शकते. "बघू पुढच्या वर्षी" म्हणणाऱ्याचा हक्क मुदतीबरोबर जातो.

२. फी: भरपाई मागायची असेल तर मागितलेल्या रकमेच्या १ टक्का, पण किमान १,००० रुपये. समजा, ३ लाख रुपयांचे नुकसान मागितले, तर फी ३,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ आहे.

३. पुरावा: येथेच आपली माणसे मागे पडतात. आपला धंदा जिभेवर चालतो. माल उचलला, रक्कम दिली, विषय संपला. पण नुकसान म्हणजे आधी किती होते आणि नंतर किती राहिले, यातील फरक. आधीचा आकडाच कागदावर नसेल तर फरक कशातून काढायचा?

वही, पावती, नोंदणी

आमची विनंती आहे की सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याने एक साधी वही घालावी. तारीख, कोणत्या बंदरावरून माल आला, बोंबील किती, करंदी किती, भाव काय, एवढे पुरे. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी अशी गावे वेगळी लिहावीत, कारण कोणत्या खाडीचा माल घटला हे त्यावरूनच कळेल. जाळी विणणाऱ्याने आणि मेकॅनिकनेही कामाची नोंद ठेवावी. होड्या बंद पडल्या की त्यांचे काम कमी होते, पण वही नसेल तर ते कोणाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट नोंदणीची. 'उद्यम' ही लघुउद्योगांची नोंदणी २०२० पासून मोफत होते. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही २०२१ मध्ये त्यात सामील करून घेतले गेले. नोंदणीच्या कागदावर तारीख व धंद्याचा प्रकार असतो. बँकेत तर तो उपयोगी पडतोच, उद्या न्यायाधिकरणापुढे "हा माणूस अमुक सालापासून या धंद्यात आहे" हे सांगायलाही कामास येईल.

तिसरी गोष्ट पाण्याच्या नमुन्याची. खाडीत फेस किंवा लाल-काळे पाणी दिसले की लोक बाटली भरून ठेवतात. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, संबंधिताला सूचना देऊन, रीतसर मोहोरबंद करून घेतलेला असावा लागतो. आपली बाटली त्या जागी चालत नाही. म्हणून तारीख-वेळेसह छायाचित्र काढावे, त्याच दिवशी मंडळाकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. ती पोच जपून ठेवावी, कारण पुढे तीच पुरावा म्हणून मांडता येते.

जागेचा प्रश्न

आता पहिल्या दोन गळवाल्यांच्या वादाकडे वळू. खाजण आणि मासळी वाळवायची मैदाने कागदोपत्री बहुधा सरकारी पड म्हणून दिसतात. म्हणून ती रिकामी वाटतात. परंतु सरकारी याचा अर्थ कोणालाही द्यावी अशी, असा नाही. किनारपट्टीच्या नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. पुढे २०११ व २०१९ मध्ये तिची नवी रूपे आली. खाडीकाठचे संरक्षित अंतर २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते होते. २०१९ मध्ये ते १०० चे ५० झाले. तिवरांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी कडक संरक्षणाचा निकाल दिला.

मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि लेखी म्हणणेही स्वीकारले जाते. मंजूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना मात्र बहुतेक वेळा ही सुनावणी लागत नाही. म्हणून तेथे मंडळाकडील तक्रार हाच सामान्य माणसाचा मार्ग उरतो.

डहाणूजवळच्या वाढवण बंदराचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने ते नाकारले, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह संमती दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. बंदर हवे की नको, यावर आपल्या वाचकांतही दोन मते आहेत. पण बाजू कोणतीही असो, बाधितांच्या यादीत आपला धंदा मोजला जावा, ही मागणी दोघांनाही करता येते. चिंचणी परिसरात दागिन्यांचे डाय बनवणारे कारागीर आहेत. त्यांच्यासारख्यांनीही लेखी म्हणणे देण्याची सवय लावली पाहिजे.

आपल्या अंगणातही पाहावे

शेवटी एक कडू गोष्ट. रसायनांची रिकामी पिंपे विकत घेऊन, धुऊन विकण्याचा धंदा आपल्यातील बरेच जण करतात. ते धुण्याचे पाणी नाल्यात जाते आणि नाला खाडीला मिळतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार रसायनाने माखलेली पिंपे घातक कचऱ्यात मोडतात. त्यासाठी मंडळाची परवानगी आणि धुण्याच्या पाण्याची व्यवस्था लागते. मोठ्या कारखान्याकडे बोट दाखवणाऱ्याने आधी आपला नाला पाहावा. नाहीतर उद्या भरपाई मागणाऱ्यांच्या रांगेऐवजी देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहावे लागेल.

पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. मान मिळाला ही आनंदाची गोष्ट आहे. पण मासा मानाने जगत नाही, त्याला स्वच्छ पाणी लागते. आणि त्या पाण्यावर जगणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला आपल्या हिशेबाचा कागद लागतो. वाचक बांधवांनी येत्या महिन्यापासून वही घालावी. जमल्यास चार-पाच जणांनी एकत्र येऊन तक्रारीच्या पोची आणि विक्रीच्या नोंदी एकाच ठिकाणी जपून ठेवाव्यात, एवढेच आमचे सांगणे आहे.