शेवाळाचे तेल, पाण्याचे ओझे

रक्ततपासणीच्या अहवालातली ‘ट्रायग्लिसराइड’ ही ओळ आता बहुतेकांच्या ओळखीची आहे. आकडा दीडशेच्या पुढे गेला की तळलेल्या आणि गोड पदार्थांवर बंधने येतात. डबक्यातल्या पाण्याला हिरवा रंग देणारे, नुसत्या डोळ्यांनी सुटे न दिसणारे सूक्ष्मशैवालही आपल्या पेशीत नेमका हाच पदार्थ साठवते. या तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा मिसळून ते गरम केले की त्यातली तीन मेदाम्ले ग्लिसरीनपासून सुटून मिथेनॉलला जाऊन चिकटतात. जड ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर उरते ते बायोडिझेल. शंभर किलो तेलामागे साधारण दहा किलो ग्लिसरीन मिळते. ही क्रिया जुनी आणि सोपी आहे. अवघड आहे ते तिच्या आधीचे सारे.

शैवालाकडे लक्ष जाण्याची कारणे रास्त होती. त्याला सुपीक जमीन लागत नाही, खारे पाणी चालते, आणि अनुकूल परिस्थितीत त्याच्या अनेक जाती दिवसभरात दुप्पट होतात. आपल्याकडे २००३ नंतर मोगली एरंडाचा, म्हणजे जट्रोफाचा, बराच गाजावाजा झाला. ते झाड पडीक रानात जगते हे खरे. पण जगणे वेगळे आणि खत-पाण्याविना भरपूर बी देणे वेगळे, हे शेतकऱ्यांना लवकरच कळले. शैवालाची गोष्टही काहीशी तशीच आहे.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ मध्ये या विषयावर मोठा संशोधन कार्यक्रम हाती घेतला. तीन हजारांहून अधिक वाण गोळा झाले आणि न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे उघडे तलाव बांधून लागवड झाली. एखाद्या चांगल्या दिवशी चौरस मीटरमागे पन्नास ग्रॅमपर्यंत शैवाल निघाले. पण थंडी पडली की वाढ मंदावे, आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या निवडक वाणांना हटवून स्थानिक शैवाल तलावाचा ताबा घेई. कार्यक्रम १९९६ मध्ये गुंडाळला गेला.

या काळात एक पेच मात्र स्पष्ट झाला. पाण्यातला नत्र तोडला की शैवालात तेल वाढते. नत्राशिवाय प्रथिने बनत नाहीत आणि पेशी विभागू शकत नाही; पण ऊन पडतच असते आणि कर्बवायू आत येतच असतो. हा जास्तीचा कार्बन पेशी मेदाच्या रूपात बाजूला टाकते. प्रथिनांअभावी कुपोषित झालेल्या मुलाच्या यकृतातही चरबी साठते. तिथली यंत्रणा वेगळी आहे, पण उपासमारीतून चरबी हा विरोधाभास डॉक्टरांना नवा नाही. अडचण अशी की उपाशी शैवाल वाढणे थांबवते. प्रत्येक पेशीत तेल जास्त, पण पेशीच कमी. तलावातून निघणारे एकूण तेल जवळपास तेवढेच किंवा कमीच.

मग जनुकांकडे मोर्चा वळला. मेदनिर्मितीची पहिली पायरी चालवणाऱ्या विकराचे जनुक एका डायटममध्ये जादा घातले गेले. विकर वाढले, तेल वाढले नाही. शरीरातील रासायनिक साखळ्यांशी रोज गाठ पडणाऱ्या कुणालाही याचे नवल वाटू नये. एक तोटी मोठी केली म्हणून पूर्ण नळयोजनेचा प्रवाह बदलत नाही.

खरी मजल २०१७ मध्ये गाठली गेली. एक्सॉनमोबिलच्या पैशावर सिंथेटिक जीनोमिक्स या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी नॅनोक्लोरोप्सिस गॅडिटाना हे समुद्री शैवाल घेतले. नत्र तोडल्यावर कोणती नियंत्रक जनुके बदलतात ते पाहून वीस संशयित निवडले आणि क्रिस्पर तंत्राने त्यांतील अठरा एकेक करून निकामी केले. एका जनुकाच्या बाबतीत शैवालातील एकूण कार्बनचा मेदाकडे जाणारा वाटा २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या वर गेला, तोही नत्र भरपूर असताना. पण पेशी पुन्हा रोडावल्या. तेव्हा त्यांनी ते जनुक बंद न करता नुसते मंद केले. वाढ फारशी न घटता तेल दुप्पट झाले: दिवसाला चौरस मीटरमागे अडीच ग्रॅमवरून पाच ग्रॅम. औषधाची मात्रा ठरवावी तसे हे काम, आणि फार देखणे.

तरीही २०२३ मध्ये एक्सॉनमोबिलने शैवाल-इंधनाचा निधी थांबवला. मोठी अडचण पाण्याची आहे. उघड्या तलावात लिटरमागे सुमारे अर्धा ग्रॅम शैवाल असते. म्हणजे दहा हजार लिटरच्या अख्ख्या टँकरमागे पाच किलो कोरडे शैवाल, आणि त्याच्या वजनाच्या ४० टक्के तेल धरले तर दोन किलो तेल. उरलेले सगळे पाणी बाजूला काढायचे, तेही काही मायक्रॉन आकाराच्या, गाळणीतून निसटणाऱ्या पेशी न गमावता. त्या साकळवणे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणे, वाळवणे, त्यांची जाड भित्तिका फोडणे, यात प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा खर्च होते. इंधन मिळवण्यासाठी त्याच्याइतकेच इंधन जाळायचे असेल तर हिशेब जमत नाही. म्हणून सध्याचे बरेच प्रयत्न ओल्या शैवालातूनच तेल काढण्यावर आणि खताऐवजी सांडपाण्यातले नत्र-स्फुरद वापरण्यावर आहेत.

मेदाम्लांचाही प्रश्न आहे. अनेक समुद्री जातींच्या मेदाम्लांत दुहेरी बंध पुष्कळ असतात. असे तेल साठवणीत हवेने खराब होते, इंजिनात चिकट थर धरते. म्हणून युरोपीय बायोडिझेल मानकात त्यावर मर्यादा आहेत. हीच मेदाम्ले आहारात मात्र मौल्यवान ठरतात. माशांच्या तेलातले ओमेगा-३ मुळात माशांचे नसतेच; ते अन्नसाखळीतून शैवालाकडून आलेले असते. बाळांच्या दूध पावडरीत घातले जाणारे डीएचए बऱ्याचदा थेट सूक्ष्मशैवालातून काढलेले असते. तिथे मिळणारा भाव पाणी वेगळे करण्याचा खर्च सोसू शकतो. डिझेलच्या पंपावरचा भाव अजून सोसू शकत नाही.